टप्... टप्... टप्

नमस्कार मंडळी.

मे महिन्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा. अडीच वाजलेत, कूलर सुरू आहे, ताट्यांमध्ये नवीन वाळा भरलाय, त्याचा वास खोलीभर पसरलाय, म्हणजे झोप यायला काही म्हणता काही अडचण नाही, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या कूलरचं पाणी आपल्या खिडकीवरच्या टिनाच्या शेडवर पडतं. टप्. मग काही नाही. मग परत टप्. मग जरा जास्तच वेळ शांतता, आपल्याला वाटतं थांबलं एकदाचं, आपण कूस बदलतो, डोळे मिटतो, आणि टप्.

मागच्या उन्हाळ्यात मी हे तीन आठवडे ऐकलं. बावीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलंय मी, माणसाला राग कसा येतो यावर तासन् तास बोलले असेन, आणि एका थेंबापायी रात्री उठून बसायची, छाती धडधडायची, आणि वर राहणाऱ्या पोरांबद्दल जे जे मनात यायचं त्याची सकाळी चहा पिताना लाज वाटायची. म्हणून आज याच विषयावर बोलायचं ठरवलं. ज्या गोष्टी कोणाला सांगितल्या तर "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस" असं ऐकावं लागतं, त्या गोष्टींबद्दल.

कॉलेजात असताना मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना एक चिठ्ठी लिहायला सांगायची, नाव टाकायचं नाही, फक्त तुमचं डोकं कशानं फिरतं ते लिहायचं. मला वाटायचं परीक्षा लिहितील, पैसा लिहितील, घरची भांडणं लिहितील. तसं कोणी लिहायचंच नाही. खर्रा खाऊन चालत्या गाडीवरून थुंकणारा माणूस, तो तर दरवर्षी असायचाच, नागपूरच आहे शेवटी, आणि ज्याच्या पांढऱ्या शर्टावर तो शिंतोडा उडालाय त्याला विचारा राग म्हणजे काय असतो. मैलभर डावीकडचा इंडिकेटर चालू ठेवून उजवीकडे वळणारा. आपल्या गेटसमोरच गाडी लावून "दोन मिनिटात आलो" म्हणणारा. स्वतः फोन करून "कोण बोलून राहिलं?" असं आपल्यालाच विचारणारा. भावानं फ्रीजमध्ये परत ठेवलेली रिकामी बाटली. एका मुलीनं लिहिलं होतं, आई माझ्या खोलीतून जाताना दार अर्धंच लावते. बस, एवढंच वाक्य, पण पेन इतकं दाबून लिहिलेलं की कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं उमटली होती. ती चिठ्ठी मी कितीतरी वर्षं जपून ठेवली होती.

आता हे सगळं क्षुल्लक आहे असं म्हणून सोडून देता येतं, पण ज्यांनी हे मोजून पाहिलंय त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐका. 1981 साली अमेरिकेत रिचर्ड लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी मध्यमवयीन शंभर माणसं घेतली, रोजच्या कटकटींची 117 गोष्टींची यादी केली, त्यात वस्तू हरवणं होतं, महागाई होती, एकाच वेळी दहा कामं अंगावर येणं होतं, आणि महिन्यामागून महिने त्यांना विचारत राहिले. सोबत आयुष्यातल्या मोठ्या घटनाही नोंदवल्या. शेवटी असं दिसलं की माणसाची मनःस्थिती किती बिघडलीये याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या बारक्या कटकटींवरून जास्त चांगला लागतो. मला हे वर्गात शिकवताना नेहमी माझ्या सासूबाई आठवायच्या. सासरे गेले तेव्हा त्या खंबीर उभ्या राहिल्या, सगळं निस्तरलं, आणि नंतर एक दिवस नळाला पाणी आलं नाही म्हणून ओट्याशी उभ्या राहून रडल्या. मोठ्या दुःखात दहा माणसं धावून येतात हो. नळाला पाणी नाही म्हणून कोण येतं भेटायला?

आवाजाचं तर वेगळंच आहे. काही माणसांना ठराविक आवाज सहनच होत नाहीत, चावण्याचा, चहा भुरकण्याचा, पेनचं बटण टिकटिक करण्याचा. मिसोफोनिया म्हणतात त्याला, पावेल आणि मार्गारेट यास्त्रेबॉफ या जोडप्यानं 2001 मध्ये हा शब्द वापरात आणला. माझी एक विद्यार्थिनी होती, हुशार, शांत पोरगी, ती बाबांसोबत जेवायला बसू शकायची नाही. बाबांचा चावण्याचा आवाज आला की तिचे हात थरथरायचे. घरात सगळे म्हणायचे नखरे आहेत, बापाचा मान ठेवत नाही, आणि तिला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं की आपणच वाईट मुलगी आहोत. 2017 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या गटानं अशा लोकांच्या मेंदूचं स्कॅन केलं. आवाज कानी पडताच मेंदूचा इन्सुला नावाचा भाग, जो कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवायला आणि भावना जाणवायला मदत करतो, तो यांच्यात इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटत होता, हृदयाचे ठोके वाढत होते, घाम येत होता. पोरगी नाटक करत नव्हती. तोवर ती कॉलेज सोडून गेली होती, तिला हे वेळेवर सांगता आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या घरात असं कोणी असेल तर एवढं करा, त्याच्या ताटाशेजारी पंखा किंवा रेडिओ सुरू ठेवा, दुसऱ्या आवाजात तो आवाज बुडतो, आणि त्याला उठून जावंसं वाटलं तर जाऊ द्या.

मेट्रोतलं घ्या. मी बर्डीहून नेहमी मेट्रोनं जाते, आणि शेजारी बसलेली बाई फोनवर, "हो... नाही गं... काय सांगतेस... मग?" मी पुस्तक उघडून बसलेली असते आणि एक ओळ पुढं सरकत नाही. लॉरेन एम्बरसन म्हणून एक संशोधक, त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात असताना 2010 मध्ये हेच तपासलं. दोन माणसांचं पूर्ण बोलणं कानावर पडलं तर लक्ष तेवढं विचलित होत नाही, एकाच बाजूचं पडलं तर जास्त होतं, कारण राहिलेलं अर्धं आपला मेंदू आपणहून भरायला जातो, पुढं काय येईल याचा अंदाज लावत बसतो. म्हणजे आपण चोरून ऐकत नसतो, ऐकणं आपल्यावर लादलं जातं. आता स्पीकरवर फोन लावणारे म्हणतील मग आमचं बरंय, आम्ही तर दोन्ही बाजू ऐकवतो. त्यांच्याबद्दल, आणि हेडफोन न लावता एकामागून एक रील बघणाऱ्यांबद्दल माझा राग वेगळा आहे. तिथं मेंदूला काही भरायचं नसतं. तिथं टोचतं ते हे की भरल्या डब्यात आपण बसलेलो आहोत हे त्या माणसाच्या गावीही नाही.

आणि हॉर्न. सिग्नल हिरवा होऊन पापणी लवत नाही तोच मागून पोंss. मे महिन्यात शंकर नगर चौकात उभं राहून बघा, पारा 45 च्या आसपास, सीट तापलेली, स्कार्फच्या आत घामाच्या धारा, कुठं सिग्नलपाशी हिरवी जाळी बांधलेली असली तर तिच्या सावलीत जिथं मिळेल तिथं गाड्या घुसवलेल्या. 1986 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचा एक अभ्यास छापून आला होता. ते वाळवंटातलं शहर, तिथला उन्हाळा आपल्यासारखाच भाजून काढणारा. त्यांनी काय केलं तर एक गाडी सिग्नलला उभी केली आणि हिरवा लागल्यावरही हलवलीच नाही, आणि मागचे किती हॉर्न वाजवतात ते मोजलं. जसजसं ऊन वाढत गेलं तसतसे हॉर्न वाढत गेले, आणि ज्यांच्या काचा खाली होत्या, म्हणजे एसी नव्हता, त्यांच्यात तर ते फारच ठळक दिसलं. हे वाचल्यापासून मागून हॉर्न वाजला की मी आरशात बघते, त्याचा लालबुंद चेहरा दिसतो, आणि माझा निम्मा राग उतरतो. निम्माच. कारण दवाखान्याभोवती निदान शंभर मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात लिहिलेलं आहे, आणि मेडिकल चौकातून जाताना मला तिथं आत झोपलेली माणसं आठवतात. त्याच नियमात वस्तीसाठी रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. लग्नसराईत लॉनच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा ती पाळली जाते का. पण ती मोठी लढाई आहे, तिच्यासाठी वेगळं भाषण लागेल.

मी परत माझ्या थेंबाकडे येते. तो डेसिबलमध्ये मोजला तर काहीच नाही, माझ्याच कूलरचा आवाज त्याच्याहून मोठा, आणि त्या कूलरखाली मी गाढ झोपते. मग थेंबच का? याचं उत्तर मला जुन्याच एका प्रयोगात सापडलं, जो मी पन्नासदा शिकवला असेल पण स्वतःला कधी लावून पाहिला नव्हता. ग्लास आणि सिंगर या दोघांनी 1970 च्या सुमारास लोकांना खोलीत बसवून मोठमोठे आवाज ऐकवले, कधी येतील सांगता येणार नाही असे. त्यातल्या काहींच्या हाताशी एक बटण दिलं आणि सांगितलं, फारच झालं तर हे दाबा, आवाज बंद होईल, पण न दाबलं तर बरं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे बटणवाल्यांनी आणि बिनबटणवाल्यांनी आवाज तेवढाच ऐकला. पण नंतर कोडी सोडवायला दिली तेव्हा बटणवाले चिकाटीनं बसले, चुका कमी केल्या, आणि बिनबटणवाल्यांनी लवकर हात टेकले.

माझ्या कूलरचं बटण माझ्या हाताशी होतं. त्या थेंबाचं नव्हतं. आणि तीन आठवडे मी हेच धरून बसले होते की ते वरच्या पोरांच्या हातात आहे आणि ती मुद्दाम दाबत नाहीत. त्यांच्या तोंडावर कधी एक शब्द बोलले नाही, जिन्यात भेटली की हसायची सुद्धा, आणि रात्री मनात खटला चालवायची. आपल्याकडे असं फार होतं, एकतर गिळून बसायचं नाहीतर एकदम भांडायला उठायचं, या दोन्हीच्या मधलं आपल्याला कोणी शिकवतच नाही.

शेवटी एका संध्याकाळी गेले वर. दोन पोरं, यवतमाळकडची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, खोलीत पुस्तकांचे ढिगारे. मी म्हटलं, बाळा, तुमच्या कूलरचं पाणी रात्रभर माझ्या टिनावर पडतं रे, मला झोप नाही लागत. तो एकदम उभाच राहिला. "काकू, आमाले मालूमच नाही नं! सांगाचं ना मंग पहिल्याच दिवशी." त्यांच्या खोलीत तो आवाज येतच नव्हता, कसा येणार, टिन तर माझ्या खिडकीवर. लगेच टॉर्च घेऊन बाहेर वाकला, कूलरच्या टाकीतला बॉल अडकला होता, पाणी भरून वाहत होतं. तो नीट केला, तरी सांध्यातून थोडं झिरपतच राहिलं, तर त्यानं तिथं एक सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक खाली नाल्याच्या पाइपात सोडलं. पाणी सुतळीवरून सरकत जातं, आवाज नाही. गावाकडे पन्हाळीला असंच करतात म्हणे. दहा मिनिटांचं काम.

मी निघाले तेव्हा तो दारात घुटमळला. "काकू, एक सांगू का, राग नका मानू." म्हटलं सांग. तर म्हणे, "तुमचं मिक्सर सकाळी साडेपाचले लागते. आमी दोन वाजता झोपतो अभ्यास करून." मी विचारलं, किती दिवसांपासून रे? तर म्हणे, "आलो तवापासून. वर्ष होऊन राह्यलं." मग बोलला काऊन नाहीस? "तुमी मोठ्या नं."

वर्षभर. माझी शेंगदाण्याची चटणी ते पोरगं रोज झोपेत ऐकत होतं. तेव्हापासून चटणी मी रात्री नऊच्या आत वाटून ठेवते, चवीत काही फरक पडत नाही.

यंदाही कूलर लागलेत. परवा रात्री परत टप् ऐकू आलं, सुतळी कुजली असणार. सकाळी नवीन सुतळीचा गुंडा घेऊन वर गेले, दोघांपैकी एकाचा पेपर होता, तो अंघोळीला पळत होता, म्हणून ठेवून आले त्याच्या टेबलावर. काल संध्याकाळी त्यानं बांधून दिली.

नमस्कार.