बेल वाजली, आता बटण आत घ्या

[ऐरोली. खाडीलगतची सोसायटी, दिवेलागणीची वेळ.]

अंधारायला लागलं की इथे खिडक्या धडाधड बंद होतात. खाडी शेजारी, म्हणजे डास आलेच. चावते ती मादी; अंडी धरायला तिला रक्त लागतं.

१९६४ साली थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी एडीस इजिप्ती डासाच्या मादीची अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रक्त प्यायल्यावर पेशीच्या कडेला खळगेच खळगे झाले होते, प्रत्येकाला आतून केसाळ अस्तर. बलकाची प्रथिनं त्या वाटेने आत चालली होती. ते अस्तर क्लॅथ्रिनचं, हे बार्बरा पीअर्स यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. त्याचे तीन पायांचे तुकडे एकमेकांत अडकतात आणि जाळीची टोपली तयार होते, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी.

डासाची ही युक्ती आपल्या पेशींतही आहे.

[सोसायटीचं दार. बेल.]

ईजीएफआर नावाचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरची बेल समजा. वाढीचा निरोप आला की ती वाजते, पेशी विभागणीच्या तयारीला लागते. मग पेशी अशाच खळग्यातून बटणच भिंतीतून आत ओढून घेते. आपण बाई, बेलवर हात ठेवून उभ्या राहणाऱ्या पाहुण्याचं काही करू शकत नाही, पेशी करते. आत गेल्यावरही ती बेल थोडा वेळ कुरकुरते म्हणा. पण सीबीएल हे प्रथिन तिच्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवतं. चिठ्ठी लागलेलं लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, जाऊन पचतं, बाकीचं बरंचसं पुन्हा वर येतं.

काही फुप्फुसांच्या कॅन्सरमध्ये मेट या अशाच दुसऱ्या बेल-प्रथिनाचा नेमका सीबीएलने धरायचा तुकडाच गळालेला असतो. चिठ्ठी लागत नाही. बेल वाजतच राहते.

[खारघर. टेकडीच्या पायथ्याशी टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र अ‍ॅक्ट्रेक, दारावर फायलींच्या पिशव्या घेतलेली माणसं.]

त्या फायलींतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टात कधी 'हर-टू, थ्री प्लस' असं लिहिलेलं असतं. हर-टू हे ईजीएफआरचं भावंड, तशीच एक बेल. थ्री प्लस म्हणजे काचेच्या पट्टीवर कॅन्सरच्या पेशींभोवती जाड तपकिरी कड, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी. साधारण १५ ते २० टक्के स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू वाजवीपेक्षा जास्त असतं. रंग कडेला दिसतो, कारण प्रथिन तिथेच बसून असतं: हर-टू आत जायला नाखूश, आणि जोडीला ईजीएफआर आलं तर त्यालाही सहज आत जाऊ देत नाही.

तरी थोडं थोडं जातंच. तेवढ्यावर एक औषध उभं आहे, ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन. प्रतिपिंड (अँटीबॉडी) हर-टूला धरतं, पाठीवर विष. खळगा आत वळतो, टोपली मिटते, माल लायसोसोममध्ये पोचतो. तिथे पेशी प्रतिपिंड पचवायला घेते, आणि विष सुटं होतं.