सात वाजले की एक वाजतो

मित्रहो, "आफ्रिकेत शिकायला चालले," असं मी निघताना सगळ्यांना सांगत होते. तिथं गेल्यावर आठवडाभरात ते वाक्य सुटलं. आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत. मी गेले होते टांझानियात, दार-ए-सलामला, स्वाहिली शिकायला.

विमानतळाबाहेर आले आणि दमट, खारा वारा अंगाला चिकटला. थेट रत्नागिरीचाच. रस्त्याकडेला नारळ, आंबा, फणस. फणसाला तिथं म्हणतात 'फेनेसी', आंब्याला 'एम्बे', दुकानाला 'दुका', लाखाला 'लाकी'. शेकडो वर्षं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून तिकडे गलबतं जात होती, माल उतरत होता आणि मालाबरोबर शब्दही. पहिल्या रात्री घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात तर मी थबकलेच. बुटक्या लाकडी बैठकीवर बसून, पुढच्या दातेरी पात्यावर ती नारळ खवत होती. आपली खवणीच ती! नाव मात्र 'म्बुझी', म्हणजे शेळी. त्या नारळाच्या दुधात 'म्चिचा' शिजला. पानं ओळखीची होती, माठाच्या जातीची. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली हातात घ्यायचा, गोळी करून अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि त्यात भाजी भरून उचलायची. हातानं जेवायचं मला कुणी शिकवावं लागलं नाही.

वेळ मात्र शिकावी लागली. विद्यापीठ टेकडीवर आहे, म्हणून सगळे त्याला 'म्लिमानी' म्हणतात. १९६१ साली लंडन विद्यापीठाशी जोडलेलं कॉलेज म्हणून ते सुरू झालं आणि १९७० साली स्वतंत्र झालं. मला निरोप मिळाला होता, वर्ग 'सा म्बिली'ला. सा म्हणजे वाजले, म्बिली म्हणजे दोन. मी दुपारी दोनला पोचले. वर्ग रिकामा, बाकं पुसलेली. व्हरांडा झाडणाऱ्या मावशींनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "पोले." कुणी ठेचकाळलं, दमलं, कुणाच्या घरी दुःख झालं, तरी हाच शब्द. त्यात माफी नसते, तुमचं दुखणं मला कळलं एवढंच असतं. मराठीत त्याला एका शब्दात जोड मला आजवर सापडलेली नाही.

मग त्यांनी माझ्या घड्याळावर बोट ठेवून आठाच्या समोरचा दोन दाखवला, आणि मग पूर्वेचं आकाश. तिथं दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास त्याच वेळी उगवतो, म्हणून हा हिशेब बाराही महिने चालतो. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत. पंचांग बघणाऱ्या माझ्या आजीला हे पटकन समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी खऱ्या 'सा म्बिली'ला पोचले. मावशी तिथंच होत्या. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं, हे मला रात्री घरमालकिणीनं शिकवलं होतं. त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरते. मी म्हटलं, "शिकामू." त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, हात पदराला पुसावा तसा अंगाला गुंडाळलेल्या छापील कापडाला, कांगाला पुसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मराहबा." शिकामूला द्यायचं उत्तर ते. मग विचारलं, "हबारी झा न्युम्बानी?" 'हबारी' म्हणजे आपली खबर. घरची खबर काय, आई कशी आहे, हे सगळं विचारून होईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.