लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना रील नको, अख्खं लग्न बघायला मागा

नमस्कार. हॉल बुक झाला, मुहूर्त निघाला, आता फोटोग्राफर शोधायचाय. मग घरातलं कोणीतरी इन्स्टाग्रामवरची पाच-सहा पेजेस फॅमिली ग्रुपवर टाकतं. सगळीच भारी दिसतात. त्यामुळे शेवटी निर्णय होतो तो फक्त रेटवर.

पण त्या रीलमध्ये असतं काय, ते जरा नीट बघा. तीस सेकंद, वीस-पंचवीस शॉट, आणि ते बऱ्याचदा चार-पाच वेगवेगळ्या लग्नांतले. त्यातले निम्मे प्री-वेडिंगचे, म्हणजे संध्याकाळचं कोवळं ऊन, हवी ती जागा आणि जमेपर्यंत पुन्हा पुन्हा घेतलेला शॉट. तुमचं लग्न मात्र दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांनी, मंगल कार्यालयात, डोक्यावर जांभळे एलईडी, आणि स्टेजवर चाळीस माणसं अक्षता घेऊन उभी. तिथे रीटेक नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत एक गोष्ट मागा: "तुम्ही केलेलं एक पूर्ण लग्न दाखवा. लग्नाच्या दिवसाची, क्लायंटला दिलेली सगळी गॅलरी." निवडलेले पन्नास फोटो म्हणजे पूर्ण लग्न नव्हे. चांगले पाचशे-सहाशे तरी दिसले पाहिजेत. काही जण म्हणतील, दुसऱ्यांच्या घरचे फोटो आहेत, लिंक पाठवता येणार नाही. बरोबर आहे त्यांचं. मग त्यांच्या ऑफिसात जाऊन लॅपटॉपवर बघा. पण तिथेही कोणी अल्बमच पुढे सरकवत असेल, तर समजून जा.

आणि लग्न कुठलंही नको, तुमच्यासारखं हवं. कार्यालयात असेल तर कार्यालयातलं, लॉन्सवर असेल तर लॉन्सवरचं, गोरज मुहूर्त असेल तर गोरजाचं. गोरजाला अर्ध्या तासात उजेड पार ओसरतो. मंगलाष्टकं सुरू होतात तेव्हा दिवस असतो आणि हार घालेपर्यंत अंधार. ते ज्याने आधी सांभाळलंय त्याच्या गॅलरीत लगेच कळतं.

[स्क्रीनवर: गॅलरीत काय बघायचं]

गॅलरी उघडली की आधी थेट अंतरपाटावर जा. "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, दोघांनी एकमेकांना पाहिलं, हार घातले, अक्षता उडाल्या. हे सगळं काही सेकंदांचं काम. इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, अक्षता कॅमेऱ्याच्या जवळून उडतात, ऑटोफोकस त्या तांदळाच्या दाण्याला धरतो आणि मागचे दोन चेहरे धूसर. दोन, शटरचा वेग १/६० सेकंदाच्या आसपास असेल तर अक्षतांच्या नुसत्या रेघा येतात, त्या हवेत थांबलेल्या दिसायला १/५०० च्या आसपास जावं लागतं, आणि हॉलच्या उजेडात तेवढा वेग हवा तर फ्लॅश नीट वापरता आला पाहिजे. तीन, समोर कोणाचा तरी मामा मोबाईल वर करून उभा. मामाला फोटोग्राफर हलवू शकत नाही. पण दोन कोनांतून दोन कॅमेरे असतील, तर एक तरी वाचतो. गॅलरीत नवरीचा चेहरा आणि नवऱ्याचा चेहरा, दोन्ही त्या क्षणाचे आहेत का बघा. एकच असेल तर माणूस एकटा होता.

दुसरं, चेहऱ्यांचा रंग. स्टेजवरचे जांभळे-निळे 'पार लाइट' (रंगीत एलईडी दिवे) डोळ्यांना छान वाटतात, पण निव्वळ निळा उजेड चेहऱ्यावर पडला की त्या फोटोत लाल रंगाची माहितीच नोंदली जात नाही. जी नोंदलीच नाही ती एडिटिंगमध्ये आणणार कुठून? म्हणून एक खूण सांगते: गॅलरीत सप्तपदी किंवा मंगळसूत्र असा महत्त्वाचा विधी अचानक ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दिसला, तर ती दर वेळी कलात्मक आवड नसते. बऱ्याचदा बिघडलेला रंग झाकलेला असतो. यावर उपाय फोटोग्राफरपेक्षा तुमच्या हातात आहे. डेकोरेटरला सांगून ठेवा, मुहूर्ताच्या पंधरा मिनिटं आधीपासून विधी संपेपर्यंत स्टेजवर समोरून वॉर्म व्हाइट लाइट, रंगीत दिवे फक्त मागच्या पडद्यावर. चांगला फोटोग्राफर हे तुम्हाला स्वतःहून सांगतो. न विचारता सांगितलं तर त्याला दोन गुण जास्त द्या.

लॉन्सवाल्यांची अडचण वेगळी. दुपारचं ऊन गुलाबी किंवा पिवळ्या कापडाच्या मांडवातून गाळून येतं आणि सगळं वऱ्हाड त्या रंगाचं होतं. स्टेजच्या वर निदान पांढरं कापड लावून घ्या. मांडववाल्यासाठी हे अवघड नाही, फक्त आधी सांगायला हवं.

मागे एलईडी वॉल लावणार असाल तर गॅलरीत आडवे काळे पट्टे शोधा. वॉलची लुकलुक आणि कॅमेऱ्याचा शटर जुळला नाही की ते येतात, विशेषतः आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर. फोटोग्राफरने लग्नाआधी वॉल चालू करून दोन मिनिटं चाचणी घेतली तर हा प्रश्न तिथेच मिटतो.

तिसरं, बारके विधी. गौरीहर, कानपिळी, लाजाहोम, सूनमुख, झाल, घरी आल्यावर माप ओलांडणं. मुहूर्त लागला की पाहुणे पंगतीला जातात आणि होम सुरू होतो तेव्हा स्टेजसमोर वीस माणसं उरतात. गॅलरीत होमाचे फोटो पाच आणि आहेराच्या रांगेचे तीनशे असतील, तर फोटोग्राफर कुठे अडकला होता ते स्पष्ट आहे. कानपिळीच्या वेळी नवरीचा भाऊ कान धरतो, त्यात बघण्यासारखे चेहरे दोन असतात, एक जावयाचा आणि एक बाजूला हसणाऱ्या सासूबाईंचा. दुसरा चेहरा ज्याला दिसला, त्याला लग्न कळतं.

आता माणसांकडे येऊ.

लग्नाच्या तारखा ठरलेल्या. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, आणि चांगल्या तारखेला एकाच स्टुडिओकडे तीन-तीन बुकिंग असतात. तुम्ही काम बघता मालकाचं, आणि त्या दिवशी येतो तिसराच मुलगा, आदल्या रात्री फोन करून बोलावलेला फ्रीलान्सर. यात फ्रीलान्सरचा दोष नाही, त्याला तुमची आत्या कोण हेही माहीत नसतं. म्हणून विचारा: "आमच्या तारखेला कॅमेरा कोणाच्या हातात असेल?" जे नाव सांगतील ते करारात लिहून घ्या, आणि त्याच माणसाने केलेलं लग्न बघायला मागा. तो आजारी पडला तर कोण येणार, तेही लिहा.

टीम किती हवी? साधा हिशोब असा. नवरी गौरीहराला बसलेली असते, त्याच वेळी नवरदेव मारुतीच्या देवळात किंवा वरातीत. दोन ठिकाणं, एकच वेळ, म्हणजे किमान दोन फोटोग्राफर. एक ट्रॅडिशनल, जो विधी आणि स्टेजवरचे फॅमिली फोटो पकडतो, आणि एक कॅन्डिड, जो फिरता असतो आणि पोझ न देता सहज क्षण टिपतो. व्हिडिओला एक ते दोन. शंभर-सव्वाशे माणसांचं घरगुती लग्न असेल तर दोन जणांत फोटो आणि एकात व्हिडिओ निभावतं. पाचशे-सातशे पाहुणे असतील तर स्टेजसाठी एक माणूस राखूनच ठेवा, कारण आहेराची रांग दोन तास हलत नाही.

फोटो एकाकडे आणि व्हिडिओ दुसऱ्याकडे देणार असाल तर दोघांची आधी गाठ घालून द्या. नाहीतर अंतरपाटाच्या वेळी व्हिडिओवाल्याचा फोकस लाइट घेतलेला मदतनीस नेमका फोटोग्राफरच्या फ्रेममध्ये उभा राहतो. शक्य असेल तर एकच टीम घ्या, निम्मी भांडणं तिथेच संपतात.

कॅमेऱ्याचं मॉडेल विचारू नका, त्यातून तुम्हाला काही कळणार नाही. विचारा की कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डांची सोय आहे का, आणि दोन्हींवर फोटो एकाच वेळी उतरतात का. एखादं कार्ड खराब होऊ शकतं, आणि दुसऱ्यावर प्रत असेल तर कोणाला काही कळतही नाही. रात्री डेटा किती ठिकाणी कॉपी होतो तेही विचारा. उत्तर "दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर" असं हवं. आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल. २४ मेगापिक्सेलचा एक रॉ फोटो (कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाइल) साधारण २५ ते ३० एमबी, म्हणजे तीन हजार फोटो ७५ ते ९० जीबी. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केला तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे पाच तास चालले की साडेचारशे जीबी. त्यामुळे "सगळा रॉ डेटा पेनड्राइव्हवर देतो" म्हणणाऱ्याला विचारा, किती जीबीच्या?

ड्रोन. खरं सांगायचं तर कार्यालयातल्या लग्नाला ड्रोनचा उपयोग वरातीपुरता. तरी हवाच असेल तर नियम माहीत असू द्या. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही. पुण्यात विमाननगर, खराडी, वाघोली हा लोहगाव विमानतळाजवळचा पट्टा. मुंबईतही पोलिसांचे बंदी आदेश वेळोवेळी निघतात. "आम्ही नेहमी उडवतो" ही परवानगी नव्हे.

[स्क्रीनवर: पैसे आणि करार]

दोन कोटेशन समोर ठेवली की आकडा बघायच्या आधी ओळी बघा. एक ९० हजार म्हणतोय, दुसरा एक लाख वीस हजार. पहिल्यात अल्बम आहे का? प्रवास, मुक्काम, जादा तासांचा दर? जीएसटी धरलाय का? नोंदणीकृत स्टुडिओ असेल तर १८ टक्के, म्हणजे एक लाखाचे एक लाख अठरा हजार होतात. हळदीचा दिवस धरलाय का? हे सगळं मिळवलं की कधीकधी स्वस्तवालाच महाग निघतो.

अल्बमची गंमत वेगळीच. १२ बाय ३६ चा अल्बम, "चाळीस"चा. चाळीस काय, शीट की पानं? एका शीटची दोन पानं होतात, म्हणजे चाळीस पानं म्हणजे वीसच शीट. करारात "शीट" हा शब्द लिहून घ्या. चाळीस शीटमध्ये सरासरी पाच धरले तर दोनशे फोटो बसतात, त्याहून जास्त कोंबले की प्रत्येक फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो. आणि अल्बम वर्षभर रखडतो तो बहुतेक वेळा तुमच्यामुळे, कारण फोटो निवडायला दोन घरांचं एकमत होत नाही. निवडीची तारीख आधीच ठरवा, आणि निवड दिल्यापासून किती दिवसांत अल्बम, तेही लिहा.

पैसे टप्प्याटप्प्याने. बुकिंगला तीस टक्के, लग्नाच्या दिवशी पन्नास, शेवटचे वीस अल्बम आणि डेटा हातात आल्यावर. लग्नाच्या रात्री शंभर टक्के दिलेत तर पुढचे फोन तुम्हालाच करावे लागतील. तारीख पुढे गेली तर ॲडव्हान्सचं काय, हेही लिहा.

आणि एक मुद्दा जो फार थोड्या जणांना माहीत असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन तुम्ही काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालकी हक्क तुमचा, करारात काही वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणजे सही करताना "सर्व हक्क स्टुडिओकडे" अशी ओळ आहे का, हे बघणं तुमच्या हिताचं. त्यांना जाहिरातीसाठी काही फोटो वापरू द्यायला हरकत नाही, पण कोणते ते तुम्हाला दाखवून, आणि तुम्ही स्वतः टाकल्यानंतर. हळदीचे, घरातले, लहान मुलांचे फोटो नकोत तर तसं स्पष्ट लिहा.

लग्नाच्या आठवड्यात करायची कामं दोनच. फॅमिली फोटोंची यादी करा. एका ग्रुपला दोन मिनिटं धरली तर वीस ग्रुपना चाळीस मिनिटं लागतात, आणि ती रिसेप्शनच्या आधी काढून ठेवा. यादीबरोबर दोन्ही बाजूंचा एकेक माणूस द्या, ज्याला सगळे नातेवाईक चेहऱ्याने माहीत आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे. दुसरं काम जेवणाचं. टीमला नवरा-नवरीच्या पंगतीच्या आधी जेवायला बसवा. नाहीतर नवरा-नवरी जेवायला बसतात, उखाणे होतात, घास भरवला जातो, आणि नेमका तेव्हाच फोटोग्राफर ताट घेऊन मागच्या खोलीत.

हार्ड डिस्क हातात आली की लगेच "मिळालं, थँक्यू" असा मेसेज टाकू नका. प्रत्येक कार्यक्रमाचा फोल्डर उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मंगलाष्टकांचा आवाज कान देऊन ऐका, कारण माइक बंद राहिला असेल तर तिथेच कळतं. स्वतःची आणखी एक कॉपी करून ती दुसऱ्या घरात ठेवा. करारात डेटा ९० दिवस ठेवतो असं लिहिलं असेल तर तक्रार त्या ९० दिवसांत, आणि लेखी. काही राहिलं असेल तर ते त्यांच्याकडे अजून असतं तोवरच मिळतं. हे सगळं तपासून झालं की मग शेवटचे वीस टक्के पाठवा.