माणसांवाचून चाललेले घर

श्रोतेहो, नमस्कार.

विज्ञानकथेतले विलक्षण पात्र म्हटले की परग्रहावरचा जीव किंवा माणसासारखा बोलणारा यंत्रमानव आपल्या डोळ्यांपुढे येतो. आज मी ज्या पात्राविषयी बोलणार आहे, ते मात्र एक घर आहे. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ ही कथा १९५० साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’ या त्यांच्या पुस्तकात आली. कॅलिफोर्नियातले ॲलनडेल हे शहर अणुस्फोटात राख झाले आहे आणि त्या राखेत मॅक्लेलन कुटुंबाचे स्वयंचलित घर तेवढे उभे आहे. कथेत जिवंत माणूस एकही नाही. पुस्तकातल्या कथेत हा दिवस ४ ऑगस्ट २०२६ चा आहे.

सकाळी सात वाजता घड्याळ गाऊन सगळ्यांना उठवते, शेगडी आठ अंडी आणि आठ टोस्ट तयार करते, छतातून येणारा आवाज विम्याच्या हप्त्याची आणि पाणी-विजेच्या बिलांची आठवण देतो. साडेआठला वाळून कडक झालेला नाश्ता मोरीत लोटला जातो आणि भिंतींतून छोटे यांत्रिक उंदीर बाहेर पडून केर काढतात. ब्रॅडबरी या घराला हजारो सेवेकरी असलेल्या वेदीची उपमा देतात. देव निघून गेले आहेत, विधी मात्र चालूच आहेत. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवाची दिनचर्या सांभाळणारी देवळे पाहिलेल्या मराठी वाचकाला ही उपमा फार लवकर भिडते, असे मला वाटते.

मग माणसे कुठे गेली? घराची पश्चिमेकडची भिंत जळून काळी पडली आहे. तिच्यावर हिरवळ कापणारा पुरुष, फुले खुडायला वाकलेली स्त्री, हात उंचावलेला मुलगा, हवेतला चेंडू आणि तो झेलायला उभी असलेली मुलगी, एवढ्याच जागी मूळचा रंग शिल्लक आहे, कारण स्फोटाच्या झळेपासून भिंतीचा तेवढाच भाग त्यांच्या आडोशाने वाचला. ही निव्वळ कल्पना नव्हे. हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ रोजी बँकेच्या दगडी पायऱ्यांवर बसलेल्या एका माणसाची छाया अशीच उमटून राहिली आणि त्या पायऱ्या तिथल्या शांती स्मारक संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत.

घराला भावना आहेत का, हा प्रश्न वाचकाला कुत्र्यापाशी पडतो. दुपारी बारा वाजता घरचाच कुत्रा दाराशी येतो. तो हाडांचा सापळा झाला आहे, अंगभर जखमा आहेत. दार त्याचा आवाज ओळखून उघडते. तो प्रत्येक खोलीच्या दाराशी जाऊन भुंकतो, धन्याला शोधतो, आणि शेवटी घिरट्या घालून मरून पडतो. तासाभराने उंदरांना कुजका वास लागतो. थोड्याच वेळात तळघरातली कचरा जाळायची भट्टी लाल होते आणि धुराड्यातून ठिणग्या उडतात. आवाज ओळखणाऱ्या या घराला मरण ओळखता येत नाही. मला हा प्रसंग कथेतला सर्वांत निर्दय वाटतो, कारण त्यात दुष्टपणा औषधालासुद्धा नाही.

पण माझ्या मते या घराला खऱ्या अर्थाने पात्र करते ते त्याचे मरण. ज्याचा शेवट त्याच्या स्वभावातूनच ओढवतो, ते पात्र, असे शोकांतिकेच्या बाबतीत आपण मानतो. ब्रॅडबरींनी तोच न्याय चार भिंतींना लावला आहे. रात्री दहाला झाडाची फांदी खिडकीतून आत कोसळते आणि साफसफाईच्या द्रवाची बाटली शेगडीवर फुटून आग लागते. म्हणजे स्वच्छता आणि स्वयंपाक, या घराच्या दोन मुख्य सेवाच त्याच्या जिवावर उठतात. घर जिवाच्या आकांताने ओरडते, पाण्याचे फवारे सोडते, पण साठ्यातले पाणी संपते, कारण इतके दिवस ते कुणी नसलेल्या घरात टब भरण्यात आणि भांडी धुण्यात खर्च झालेले आहे. हा तपशील पहिल्या वाचनात सहज नजरेतून सुटतो, आणि सगळी कथा त्याच्यावर उभी आहे.

याच क्षणी लेखक घराला शरीर देतो: तारा म्हणजे मज्जातंतू, लाकडी वासे म्हणजे हाडे. माणसांच्या शरीरांच्या छाया उरल्या आणि यंत्राला मरताना शरीर मिळाले, ही उलटापालट मला अतिशय धाडसी वाटते. तेवढ्यातही शेगडी थांबत नाही. आगीच्या तोंडाशी ती डझनांनी अंडी तळत सुटते, आग ती गिळते आणि शेगडी पुन्हा कामाला लागते.

ही कथा यंत्रांविरुद्धची तक्रार आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते पटत नाही. नेमून दिलेले एकही काम घराने चुकवलेले नाही, आणि ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांचा उल्लेख कथेत कुठेच येत नाही.