प्रवास एकटीचा, चौकशी घरादाराची

श्रोतेहो, नमस्कार.

२०२५ च्या जूनच्या अखेरची गोष्ट. इथे नागपुरात, प्रतापनगरला बहिणीकडे जेवणं आटोपली होती, कूलर अजून खिडकीतून निघाला नव्हता, आणि भाची लॅपटॉप उघडून डायनिंग टेबलावर बसली होती. अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळाला होता, आता व्हिसाचा अर्ज भरायचा होता. मी बँकेत चौतीस वर्षं काढलेली, फॉर्म भरायला हात बसलेला, म्हणून मला बोलावलं होतं.

या अर्जाला डीएस-१६० म्हणतात. नाव, गाव, आईवडिलांच्या जन्मतारखा, गेल्या पाच वर्षांत वापरलेले फोन नंबर आणि ईमेल, इथवर सगळं ओळखीचं वाटलं. मग समाजमाध्यमांचा रकाना आला. गेल्या पाच वर्षांत फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब वगैरेंवर जी जी खाती होती, त्यांची नावं द्या. हे २०१९ पासून चालू आहे. पासवर्ड मागत नाहीत, एवढं खरं. पण त्याच जूनमध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने विद्यार्थ्यांसाठी आणखी एक सूचना काढली होती: आपली खाती 'पब्लिक' करून ठेवा, म्हणजे आम्हाला तपासता येतील.

भाचीचं इन्स्टाग्राम खाजगी होतं. त्यात तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, शेवटच्या आजारपणातला एक व्हिडिओ होता. आई पलंगावर उशीला टेकून बसली आहे, नाकात नळी आहे, आणि नातीची वेणी घालते आहे. बोटं थरथरताहेत, पेड सुटतो, ती पुन्हा घेते. घरातल्या आणि जवळच्या माणसांपुरता तो ठेवलेला होता. भाची माझ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, मी चालली अमेरिकेला. आजीला कशाला पाहून राहिले हे लोक?"

माझ्या आईने आयुष्यात पासपोर्ट काढला नाही. नागपूरच्या पलीकडे ती गेली ती पंढरपूरला, नाहीतर लेकीसुनांच्या बाळंतपणाला. तिला कोणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री भाचीने चार मैत्रिणींना फोन केले, कारण त्यांचे फोटो तिच्या खात्यावर होते. तिघी म्हणाल्या, राहू दे. चौथी गप्प झाली. तिच्या घरी न सांगितलेली एक गोष्ट त्या फोटोंत होती. एवढंच सांगते, पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

सीमेवर येणाऱ्या माणसाची चौकशी करणं हे प्रत्येक देशाचं काम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मागितली जाते ती माहिती प्रवाशाच्या एकट्याच्या मालकीची नसते. ती आईची असते, मैत्रिणीची असते, ज्यांना कुठे जायचंच नाही त्यांची असते. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत एक प्रस्ताव मांडला गेला. ज्या देशांच्या लोकांना तिथे व्हिसाशिवाय जाता येतं, त्यांनीही पाच वर्षांची समाजमाध्यमं दाखवावीत, आणि सोबत घरच्यांची नावं, जन्मतारखा, फोन नंबर द्यावेत, असं त्यात म्हटलं होतं. त्याच महिन्यात खाती उघडी ठेवण्याची सूचना नोकरीच्या एच-१बी व्हिसालाही लागू झाली, आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या नवराबायकोंनाही. आपल्या धरमपेठेतल्या, मनीषनगरातल्या कितीतरी सुनालेकी त्यात येतात.

आमच्या बँकेत नमुना सहीची कार्डं कुलपात असायची. किल्ली कोणाकडे आहे हे लिहिलेलं असायचं. बापाच्या खात्यात किती शिल्लक आहे हे मुलाने विचारलं तरी आम्ही सांगत नसू. माहिती घ्यायची तर ती कशासाठी, कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार, हे ठरलेलं हवं, एवढंच मी त्या नोकरीत शिकले.

आता हीच फूटपट्टी सीमेला लावून बघा. अमेरिकेत परदेशी प्रवाशाच्या बोटांच्या ठशांची आणि चेहऱ्याची नोंद पंचाहत्तर वर्षांपर्यंत ठेवता येते. माझी भाची बावीस वर्षांची आहे. ती सत्त्याण्णव वर्षांची होईपर्यंत! युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या, म्हणजे आपापसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या देशांच्या, बाहेरच्या सीमेवर नवी नोंदपद्धत सुरू झाली. तिथेही चेहरा आणि ठसे घेतात, पण नेहमीच्या प्रवाशाची नोंद तीन वर्षं ठेवतात. म्हणजे मुदत कमी ठेवता येते, सीमा उघडी पडत नाही. आणि कुलूप कितीही मोठं असलं तरी फुटतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या एका कंत्राटदाराकडून प्रवाशांच्या चेहऱ्यांचे आणि गाड्यांच्या नंबरपाट्यांचे फोटो चोरीला गेले होते. खात्याला त्याची कबुली द्यावी लागली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणायचा?

फोनच्या तपासणीबद्दल लोक फार घाबरून विचारतात, म्हणून सांगते. अमेरिकेत २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४७,००० प्रवाशांचे फोन-लॅपटॉप तपासले गेले. येणाऱ्या कोट्यवधींत हा आकडा लहान आहे. तिथला नियम असा की अधिकाऱ्याने फोनमध्ये असलेलंच बघायचं, नेट बंद करून. क्लाउडमध्ये, म्हणजे नेटवर साठवलेल्या गोष्टींत, शिरायचं नाही. न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून, रास्त संशयावरून मागितलेला पासवर्ड नाकारला तर तिथल्या पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा जाताना फोनमध्ये लागेल तेवढंच ठेवा. घरातल्या सगळ्यांच्या आधारकार्डांचे फोटो, वडिलांचे रिपोर्ट, लॉकरच्या पावत्या कशाला वाहून न्यायच्या? प्रवेशपत्र, तिकीट, राहण्याचा पत्ता कागदावर छापून जवळ ठेवा. मात्र अर्जात खोटं लिहू नका, खातं दडवू नका. ते पुढे उघडकीला आलं तर कायमचं दार बंद होऊ शकतं. एजंट भरतो म्हणून सही करून मोकळे होऊ नका, प्रत्येक पान स्वतः वाचा.

आणि आता आपल्या घराकडे बघू. परदेशी माणूस आपल्याकडे यायला निघतो तेव्हा आपला व्हिसा अर्ज त्याला धर्म विचारतो, अंगावरची खूण विचारतो, आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानी होते का तेही विचारतो. म्हणजे आजीपर्यंत आपणही जातोच. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, याचा मला अभिमान आहे. तो निकाल प्रामुख्याने घटनेच्या २१ व्या अनुच्छेदावर उभा आहे, आणि त्या अनुच्छेदात शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात सरकारी यंत्रणांना सुरक्षेच्या नावाखाली मोठी सूट देता येते. ती मला पटलेली नाही, हे स्पष्ट सांगते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जपान, थायलंडहून पाहुणे येतात. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलने चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. हे कायद्याचं काम, ते व्हायलाच हवं. गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका वयस्कर जपानी बाईंना मी एका लॉजवर पोचवायला गेले होते. काउंटरवरच्या मुलाने त्यांचा पासपोर्ट उघडला, स्वतःच्या मोबाइलने फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाला पाठवून दिला. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या वाकून हसल्या.

मी म्हटलं, "बाळा, मालकाने फॉर्म भरला की हा फोटो काढून टाकशील ना?" त्याने गॅलरी उघडून दाखवली. त्याच्या बहिणीच्या हळदीचे फोटो होते, आणि त्यांच्या मधे मधे पासपोर्ट. मी मोजले, अकरा होते. काही दोन वर्षांपूर्वीचे. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो तिथेच उभा राहून एकेक काढू लागला, आणि नंतर आपण होऊन म्हणाला, "काकू, थांबा, डिलीटच्या डब्यात अजून असतील."

नमस्कार.