पान गळतं, त्यानंतर

(दृश्य : पुण्याची वेताळ टेकडी, मार्चमधली सकाळ. पायवाटेवर वाळलेली पानं.)

मार्च लागला की टेकडीवर चालताना पायांखालचा आवाज बदलतो. कालपरवापर्यंत मुरूम वाजत होता, आता पाचोळा चुरचुरतो. फिरायला येणाऱ्यांना वाटतं, झाडं वाळली. झाडं वाळलेली नाहीत, त्यांनी आवराआवर केली आहे. पान गळण्याआधी त्यातलं साधारण निम्मं नत्र आणि स्फुरद, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, झाड फांदीत परत ओढून घेतं. पान पिवळं पडतं ते याच दिवसांत. उरलेला निम्मा ऐवज खाली पडतो, आणि आपली गोष्ट तिथून सुरू होते.

(दृश्य : अगदी जवळून, पानावर चढलेलं मातीचं लिंपण.)

हे लिंपण वाळवीचं. उन्हाळ्यात जमीन तापली की गांडुळं खोल जातात, ओल नसल्याने बुरशीही थांबते. वाळवी मात्र मातीचं छप्पर बांधते आणि त्या सावलीत बसून पान कुरतडते. घरात आपण तिच्यावर औषध मारतो. टेकडीवर मार्च ते मे पाचोळ्याचं मोठं काम तीच उरकते. मग मृगाचा पाऊस येतो, पैसा किडे बाहेर पडतात, बुरशीचे पांढरे धागे पानापानांत शिरतात आणि पान मातीत मिसळू लागतं. मुळशी-वेल्ह्याकडच्या देवरायांत वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, असा जुना दंडक आहे. त्या मातीत हात घालून पाहा. हात गार होतो.

नत्राचं एक बरं असतं. हवेत ते ७८ टक्के आहे. खैर आणि ग्लिरिसिडियाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू ते हवेतून घेतात आणि झाडाला देतात. स्फुरदाला ही वाट नाही. तो वायू होऊन आभाळात जात नाही, म्हणून पावसाबरोबर परतही येत नाही. टेकडीवरचा स्फुरद मुख्यतः या काळ्या खडकातून आला, जो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होता. खडक फार सावकाश झिजतो. म्हणून पान जिथे पडलं तिथेच कुजणं झाडासाठी मोलाचं.

(दृश्य : कॉलनीचा कोपरा. खराट्याने लोटलेला ढीग, धूर.)

तेच पान टेकडीखाली रस्त्यावर पडतं तेव्हा काडी लागते. दहा मिनिटांत कर्ब, म्हणजे कार्बन, आणि बहुतेक नत्र धुरातून निघून जातं. स्फुरद राखेत राहतो. जूनमध्ये राख गटारात, गटारातून मुठा नदीत.

त्या पाण्यात आपल्या ताटातला स्फुरदही असतो. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बटाटा, पुरंदरचा वाटाणा पहाटे गुलटेकडीच्या बाजारात उतरतो, तेव्हा त्या शेतांची माती थोडी थोडी शहरात येते. आपण जेवतो आणि ती सांडपाण्यात सोडतो. साध्या पद्धतीने पाणी शुद्ध केलं तरी विरघळलेला बराच स्फुरद त्यात उरतो.

(दृश्य : नदीचं पात्र, काठापासून काठापर्यंत हिरवं.)

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. खाणं भरपूर मिळालं की ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. मला तिचा राग येत नाही. नारायणगावच्या शेतातून निघालेला ऐवज तिने पाण्यातून गोळा करून पानांत साठवलेला असतो. राग येतो तो ती बाहेर काढून काठावरच कुजत ठेवली जाते तेव्हा. पहिल्या जोरदार सरीत सगळं पुन्हा पात्रात.

(दृश्य : बंडगार्डन, मुंढवा, थेऊर. मग उजनी धरणाचा भिगवणजवळचा फुगवटा.)

रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात थांबते. इथे शेवाळ माजतं. शेवाळ खाऊन चिलापी मासळी पोसते. हिवाळ्यात रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी धरून गाळ गाळत उभे असतात. पुण्याहून लोक ते पाहायला येतात. त्यांच्या पुढ्यातल्या पाण्यात पुणंही विरघळलेलं असतं.

पहाटे जाळी ओढली जातात. मासळीच्या पाट्या भरतात आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला लागते. माशाच्या अंगातला बहुतेक स्फुरद काट्यांत असतो. नदीने खाली नेलेला थोडासा ऐवज असा वर येतो.

(दृश्य : एका जुन्या वाड्याची गच्ची. कुंडीत कढीपत्ता.)

इथल्या काकू माशांची डोकी आणि काटे कुंडीत खोल पुरतात. वर मूठभर राख, त्यावर सोसायटीच्या रस्त्यावरून गोळा केलेला पाचोळा.

"मांजर उकरत नाही का, काकू?"

"वर विटेचा तुकडा ठेवते ना." त्या खुरप्याने माती सारतात. "हे बघ, गेल्या वर्षीचे काटे. बोटांत चुरतात आता."

मग दोन कोवळ्या डहाळ्या तोडून त्या खाली जातात. गॅसवर तेल तापलेलं असतं.