सरकारी दिव्यदृष्टी आणि दोन कोरड्या विहिरी

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय 'हेरगिरीतील अतींद्रिय शक्ती : कौटिल्यापासून अमेरिकेपर्यंत' असा छापला आहे. मी मात्र अमेरिकेपासून सुरुवात करून कौटिल्याकडे येणार आहे, कारण माझे खरे म्हणणे कौटिल्यापाशी आहे आणि ते मी शेवटासाठी राखून ठेवले आहे. सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी मानसशास्त्रज्ञ नाही आणि गुप्तहेर तर नाहीच. माझी सारी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे अशी शक्ती माणसात असते की नसते, या वादात मी पडणार नाही. सदाशिव पेठेत या प्रश्नाला घरटी दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही एकाच घरात नांदतात. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकी सरकारची ही दिव्यदृष्टीची फाइल तेवीस वर्षे उघडी कशी राहिली?

हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७२ साली कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग या लेझरवर काम करणाऱ्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सीआयएच्या पैशावर दूरदर्शनाचे प्रयोग सुरू केले. येथे दूरदर्शन म्हणजे आपल्या घरातले नव्हे, तर खोलीत बसल्या बसल्या हजारो मैलांवरचे ठिकाण मनाने पाहणे. इंगो स्वान नावाच्या न्यूयॉर्कच्या चित्रकाराने त्याची पद्धतही बसवून दिली : द्रष्ट्याला फक्त अक्षांश आणि रेखांश सांगायचे, आणि त्याने डोळ्यांपुढे येईल ते कागदावर काढायचे. पुढे लष्कराने मेरीलँडमधील फोर्ट मीड येथे स्वतःचे द्रष्टे बसवले. योजनेचे नाव कधी ग्रिल फ्लेम होते, कधी सेंटर लेन, कधी सन स्ट्रीक आणि अखेरीस स्टारगेट. हिशेबाच्या खात्यातल्या माणसाला या नावांत फार गोडी वाटते. योजनेचे नाव बदलले की मागच्या फाइलवरचे प्रतिकूल शेरे मागच्याच फाइलमध्ये राहतात आणि नव्या फाइलचे पहिले पान कोरे करकरीत असते, हे आमच्याकडे लिपिकालाही कळते.

हे सारे सुरू कशामुळे झाले, तेही ऐका. १९६० च्या आसपास फ्रान्समधील नियतकालिकांत अशी बातमी आली की, नॉटिलस या अमेरिकी अणुपाणबुडीशी विचारसंक्रमणाने संदेशांची देवाणघेवाण करण्यात आली. अमेरिकी नौदलाने तिचा इन्कार केला. लेनिनग्राडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लिओनिद वासिलिएव्ह यांनी मात्र हीच बातमी पुढे करून आपल्या संशोधनाचे महत्त्व सरकारला पटवले. मग रशियन लोक या विद्येत पुढे गेल्याच्या वार्ता अमेरिकेत पोहोचल्या आणि अमेरिकेने थैली सोडली. एका इन्कार केलेल्या बातमीवर दोन महासत्तांची अंदाजपत्रके हलली. वाड्यात एकाने फ्रीज घेतल्याची नुसती कुजबुज झाली तरी दुसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडात हप्त्यांची चौकशी सुरू होते, त्यातलाच हा प्रकार.

येथे मला माझी एक जुनी आठवण सांगितलीच पाहिजे. माझ्या घरच्यांनी ती इतक्यांदा ऐकली आहे की आज त्यांच्यापैकी कोणीही आलेले नाही.

१९७२ म्हणजे आपल्याकडे दुष्काळाचे साल. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि पुण्यापासून बऱ्याच दूरच्या एका तालुक्याच्या ठिकाणी, एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. त्या कार्यालयाच्या आवारात विहीर घ्यायचे ठरले. आमच्या साहेबांनी रीतसर भूवैज्ञानिकांना पत्र लिहिले, पण पत्राचे उत्तर येईपर्यंत हौदातले पाणी संपले, तेव्हा त्यांनी पाणाड्या बोलावला. तो माणूस आजही माझ्या डोळ्यांपुढे उभा आहे : डोक्याला मळकट मुंडासे, पायांत काही नाही, आणि उजव्या तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवलेला. तो आवारात सावकाश फिरत होता आणि आम्ही सारे, कोषागारातून कामानिमित्त आलेल्या एका गृहस्थांसह, त्याच्या मागे हात बांधून चाललो होतो. कडुनिंबापाशी नारळ ताठ उभा राहिला. तेथे खणले, कोरडी ठणठणीत. पाणाड्या म्हणाला, "पानी हाय सायेब, पर तुमच्या खणत्यांनी शिर चुकवली." दुसरी जागा त्याने टपालखोलीच्या मागे दाखवली. तीही कोरडी. तिसरी जागा ओढ्याकडच्या कुंपणालगत निघाली आणि तेथे चाळीस फुटांवर पाणी लागले. कार्यालयाने पेढे वाटले.

आता खरी गंमत पुढे आहे. त्याच्या बिदागीचे देयक मी लिहिले. पाणाड्यासाठी लेखाशीर्ष नव्हते, म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून 'स्थळनिरीक्षण, किरकोळ' अशी नोंद केली. पुढच्या वर्षी तपासणीला आलेल्या लेखापरीक्षकांनी त्या देयकावर लाल शाईने एकच ओळ लिहिली : 'निरीक्षण एक, विहिरी तीन, खुलासा व्हावा.' खुलाशाच्या मसुद्यात पहिल्या दोन विहिरींचा उल्लेख 'प्राथमिक स्वरूपाचे उत्खनन' असा झाला. काही वर्षांनी मी त्या गावी गेलो, तेव्हा लोकांनी ओढ्याकडची ती विहीर मला मोठ्या अभिमानाने दाखवली. बाकीचे दोन खड्डे कोणाला आठवत नव्हते; एकात कार्यालयाचा कचरा पडत होता. त्या लाल ओळीमुळेच मी लेखापरीक्षणाची परीक्षा दिली. ओढ्याकाठी चाळीस फुटांवर पाणी लागायला नारळ लागत नाही, हे मला भूवैज्ञानिकांनी नंतर सांगितले. त्यांचे पत्र विहिरीनंतर चार महिन्यांनी आले.

अमेरिकेची फाइल मी या नजरेने वाचतो. १९७४ साली पॅट प्राइस या माजी पोलीस अधिकाऱ्याला सोव्हिएत संघातील सेमिपालातिन्स्क येथील एका गुप्त तळाचे केवळ अक्षांश-रेखांश दिले गेले आणि त्याने रुळांवर चालणाऱ्या एका प्रचंड क्रेनचे चित्र काढले. तशी क्रेन तेथे खरोखर होती. हीच ओढ्याकडची विहीर. गेली पन्नास वर्षे प्रत्येक समर्थक ती दाखवतो. त्याच वर्णनातला बराचसा भाग प्रत्यक्षाशी जुळला नाही, हे खड्डे मात्र फारसे कोणी दाखवत नाही.

त्याहून मौजेची गोष्ट उताऱ्यांची. टार्ग आणि पुटहॉफ यांचा प्रयोग असा होता : एक जण गावातल्या एखाद्या ठिकाणी जाऊन उभा राहायचा, द्रष्टा बंद खोलीत बसून त्या ठिकाणाचे वर्णन करायचा, ते उतरवून घेतले जायचे, आणि मग तिऱ्हाईत परीक्षक कोणता उतारा कोणत्या ठिकाणाचा ते जुळवायचा. डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे उतारे मिळवून वाचले आणि १९७८ साली 'नेचर'मध्ये आपला निष्कर्ष छापला. उताऱ्यांतच आदल्या दिवशीच्या ठिकाणांचे उल्लेख राहून गेले होते. एका ठिकाणी तर द्रष्ट्याला धीर देताना 'तीन यशे आधीच पदरात आहेत' अशा अर्थाचे वाक्य आले होते, म्हणजे हा उतारा चौथा हे उघड झाले. परीक्षकाच्या हाती ठिकाणांची यादी होती, तीही त्याच क्रमाने. केवळ अशा खुणांवरून मार्क्स यांनी ती ठिकाणे न पाहता जोड्या लावून दाखवल्या. पावतीवरच्या तारखेवरून व्यवहार ओळखणे हे आमचे रोजचे काम आहे. त्याला दिव्यदृष्टी म्हणतात हे मला ठाऊक असते, तर मी वेगळा भत्ता मागितला असता.

प्रत्यक्ष कामगिरीतही हेच दिसते. १७ डिसेंबर १९८१ रोजी इटलीतील व्हेरोना येथून रेड ब्रिगेड्स या जहाल डाव्या दहशतवादी संघटनेने अमेरिकी जनरल जेम्स डोझियर यांना पळवले. द्रष्ट्यांकडून ठावठिकाण्यांचा पाऊस पडला. बेचाळीस दिवसांनी इटालियन पोलिसांनी पादुआ येथील एका सदनिकेत घुसून त्यांना सोडवले, आणि पोलिसांना माहिती मिळाली ती हाडामांसाच्या माणसांकडून. अखेर १९९५ साली सीआयएने बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन करून घेतले. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स यांच्या मते प्रयोगशाळेतील परिणाम योगायोगाच्या पलीकडचा होता. मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांच्या मते आकड्यांची तफावत म्हणजे अतींद्रिय शक्तीचा पुरावा नव्हे. दोघांपुढे आकडे तेच होते. अहवालाचे एक वाक्य मात्र माझ्या खात्याचे आहे : या माहितीवरून एकदाही कोणती गुप्तचर कारवाई आखली गेलेली नव्हती. खर्च झाला सुमारे दोन कोटी डॉलर. तेथील हेरखात्यांच्या अंदाजपत्रकात ही रक्कम किरकोळात जमा होते, आणि किरकोळ खर्चच सर्वांत दीर्घायुषी असतो.

तिसऱ्या रांगेतून चिठ्ठी आली आहे : 'पुण्यात काय झाले तेही बोला.' बोलतो. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातूनच ज्योतिषाची चाचणी घेतली होती; हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका मिसळून प्रत्येकी चाळीस पत्रिका २७ ज्योतिषांना दिल्या, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही थोडे कमीच. येथे चुकलेले उत्तरही मोजले गेले, म्हणून मला ती चाचणी प्रिय आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना मात्र प्लँचेट अभिप्रेत असावे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाच्या तपासात प्लँचेटचा आधार घेतल्याचा आरोप २०१४ साली झाला आणि संबंधितांनी तो नाकारला. आयुष्यभर ज्याविरुद्ध ते लढले, त्याच गोष्टीची चर्चा त्यांच्या खुनाच्या तपासाभोवती व्हावी, यावर विनोद करण्याची माझी तयारी नाही.

दुसरी चिठ्ठी आयोजकांची आहे आणि तिच्यावर फक्त 'सहा मिनिटे' असे लिहिले आहे. म्हणजे कौटिल्य उभ्या उभ्याच उरकावा लागणार.

माझे म्हणणे असे. अमेरिकेने अतींद्रिय शक्ती विकत घेतली, कौटिल्याने ती तयार करून विकली. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात गूढपुरुषांच्या, म्हणजे हेरांच्या, यादीत तापसाच्या वेशातील हेर आहे. त्याने नगराजवळ पुष्कळ शिष्यांसह राहावे, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मूठभर भाजी किंवा जव लोकांसमक्ष खावेत आणि मनाजोगे जेवण गुपचूप घ्यावे, असे कौटिल्य सांगतो. व्यापाऱ्याच्या वेशातील हेराच्या शिष्यांनी या तापसाची पूजा करायची आणि तापसाच्या स्वतःच्या शिष्यांनी त्याच्या सिद्धीचा बोभाटा करायचा. त्याने कोणाला लाभ होईल, कोठे आग लागेल, कोठे चोरी होईल, राजा काय करील याची भाकिते करायची. आणि इतर हेरांनी ती खरी करून दाखवायची. लोक आपणहून येऊन मनातले सांगणार ते या तापसाला, आणि ते पोहोचणार राजापर्यंत. माहितीचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो, एवढे पाहा. फोर्ट मीडमध्ये द्रष्टा बोलत होता आणि सरकार लिहून घेत होते. येथे लोक बोलतात आणि द्रष्टा लिहून घेतो. आपल्याकडे पहाटे दारोदार फिरणारा पिंगळा, कुडमुडा जोशी, वासुदेव यांना घरातली बित्तंबातमी आपणच देत आलो. बहिर्जी नाईकांच्या वेशांतराच्या कथांत अशीच सोंगे येतात, ती उगाच नव्हेत.

तेराव्या अधिकरणात तर राजाने आपली सर्वज्ञता कशी गाजवावी याचे कलमवार मार्गदर्शन आहे. प्रमुखांच्या घरातली गुपिते हेरांकडून काढून ती त्यांना सांगायची. परदेशातली घडामोड त्याच दिवशी दरबारात जाहीर करायची, आणि ती कळणार कशी, तर मुद्रांकित पत्र बांधलेल्या पाळीव कबुतराकडून. दरबाऱ्यांना राजाची दिव्यदृष्टी दिसते, कबूतर दिसत नाही. अर्थशास्त्रात हिशेबाच्या कचेरीवरही, म्हणजे अक्षपटलावर, स्वतंत्र प्रकरण आहे. ते मी व्यावसायिक आस्थेने दोनदा वाचले, पण या कबुतराच्या दाण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, ते मला अजून सापडलेले नाही.